नाना फडणीसांचा तराजू

दिंडोशीत राहणाऱ्या माणसाला आपण एका बेटावर राहतो याची आठवण सहसा होत नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पश्चिमेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मालाड-गोरेगावची रेल्वे स्थानके, एवढ्यात त्याचा दिवस संपतो. परंतु वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि मढपासून ठाण्यापर्यंत पसरलेला हा सारा प्रदेश म्हणजे जुन्या दफ्तरांतील साष्टी होय. १७३७ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला पडून ती इंग्रजांच्या हाती गेली. पुढील आठ वर्षे सुरत, पुरंदर आणि ग्वाल्हेरजवळील सालबाई या तीन ठिकाणच्या तहनाम्यांत तिची देवघेव होत राहिली. येथील शेतकऱ्यांना किंवा कोळ्यांना कोणी काही विचारले नाही. मोठ्या सत्तांच्या तराजूत साष्टी हे एक वजन होते, इतकेच.

त्या तराजूची दांडी ज्यांच्या हाती सर्वांत अधिक काळ होती, ते नाना फडणीस. राष्ट्राराष्ट्रांतील सत्तेचा समतोल जगाला शांतता देतो की युद्धे केवळ लांबणीवर टाकतो, हा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. या चर्चेत युरोपातील राजकारण्यांची नावे हटकून घेतली जातात. आपल्याच घरात होऊन गेलेल्या मुत्सद्द्याचे चरित्र मात्र आपण या दृष्टीने क्वचितच वाचतो. रंगभूमीने आणि कथाकादंबऱ्यांनी नानांचे जे चित्र रंगवले आहे, ते क्षणभर बाजूला ठेवून त्यांच्या परराष्ट्रनीतीचा जमाखर्च मांडून पाहणे उद्बोधक ठरेल.

फडावरचा तरुण

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. भानूंचे मूळ गाव कोकणातील वेळास. आजोबा बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या बरोबर देशावर आले आणि फडनिशी या घराण्यात स्थिरावली. फडनिशी म्हणजे राज्याच्या हिशेबाचे काम. कोणत्या महालातून किती वसूल यावा, कोणत्या पथकाला किती नेमणूक द्यावी, कोणत्या सावकाराचे किती देणे राहिले, हे सारे फडावर नोंदले जाई. वडील वारल्यावर नानांच्या अंगावर हे काम लहान वयातच पडले. प्रकृती नाजूक, तलवारीची हौस बेताची. पण आकड्यांची आणि माणसांची पारख उपजत होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी हा तरुण पानिपतावर होता. तेथून तो जीव वाचवून परतला. आई मात्र त्या प्रलयात कायमची हरवली. पुढे स्वतः लिहिलेल्या त्रोटक आत्मवृत्तात नानांनी या दिवसांची हकीकत नोंदली आहे. पानिपताचा जो धडा त्यांच्या मनावर कोरला गेला असावा, तो त्यांच्या नंतरच्या वागणुकीवरून ताडता येतो. उत्तरेत मराठे एकटे पडले होते. जाट, राजपूत, अयोध्येचा नबाब यांपैकी कोणीही अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. एकाकी बळ कितीही मोठे असले तरी ते एका दिवसात संपू शकते, हे नानांनी डोळ्यांनी पाहिले होते. एकटे पडायचे नाही आणि शत्रूंना एकत्र येऊ द्यायचे नाही, ही पुढील चाळीस वर्षांची त्यांची रीत बनली.

थोरल्या माधवरावांच्या अमदानीत नाना कारभारात मुरले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथरावांनी गादी बळकावली, तेव्हा सखारामबापू, नाना आदी कारभाऱ्यांनी बारभाईंची मसलत उभी केली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आणवली गेली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. घरातील भांडण अशा रीतीने आंतरराष्ट्रीय झाले.

चौघांचा करार

मुंबईच्या इंग्रजांचा डोळा साष्टीवर फार दिवसांपासून होता. मुंबई बंदराच्या पाठीशी असलेला हा मुलूख परक्याच्या हाती असणे त्यांना धोक्याचे वाटे. शिवाय मुंबईचा खर्च मुंबईच्या वसुलात भागत नसे. गोव्याहून पोर्तुगिजांचे आरमार येत असल्याच्या वार्तेचे निमित्त करून त्यांनी ठाणे घेतले. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई त्यांना देऊन टाकली. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाला हा उद्योग पसंत पडला नाही. शत्रूच्या घरातील हा मतभेद नानांनी नेमका हेरला. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे कबूल केले. साष्टी मात्र त्यांच्याकडेच राहिली.

यानंतरच्या सहा वर्षांत नानांची बुद्धी पूर्ण तेजाने तळपली. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला. त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा होती. पण नानांनी त्याचा थाटामाटात सत्कार केला. फ्रेंचांची मदत प्रत्यक्ष येवो न येवो, ती येईल ही धास्ती इंग्रजांच्या मनात राहावी, एवढेच नानांना हवे होते. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलेले होते आणि १७७८ मध्ये फ्रान्स त्यात उतरला. पुण्यात बसलेला कारभारी अटलांटिकच्या पलीकडील घटनांचा उपयोग आपल्या डावात करून घेत होता. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून घाट चढून आलेली इंग्रज फौज तळेगावाजवळ कोंडली गेली आणि वडगावला तिला मानहानीचा करार करावा लागला. कलकत्त्याने तो करार मानला नाही. बुंदेलखंडाच्या वाटेने आलेला जनरल गॉडर्ड सुरतेत पोहोचला आणि युद्ध पुन्हा पेटले.

आता नानांनी चौघांचा संघ जुळवला. पुणे, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले आणि म्हैसूरचा हैदर अली. या चौघांची परस्परांशी जुनी वैरे होती. पेशवे आणि निजाम यांच्यात दोन पिढ्यांचे झगडे, हैदर आणि पुणे यांच्यात कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखाचा तंटा. तरीही नानांनी हैदरला कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलूख राहू दिला, चौथाईच्या बाकीवर पाणी सोडले आणि १७८० मध्ये चौघांना एका पंक्तीला बसवले. सर्वांत प्रबळ होऊ पाहणाऱ्या सत्तेविरुद्ध उरलेल्यांनी एकत्र यावे, हे समतोलाचे पहिले सूत्र. युरोपात १७१३ च्या उट्रेक्टच्या तहापासून ते उघडपणे बोलले जाऊ लागले होते. नानांनी ते कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय अमलात आणले.

परंतु मोजकेच विक्रेते असलेल्या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्याला या कराराचे पुढे काय होणार याचा अंदाज करता येतो. चार व्यापारी मिळून भाव न पाडण्याचे ठरवतात, तेव्हा गुपचूप भाव पाडून गिऱ्हाईक ओढण्याचा मोह प्रत्येकाला असतो. वॉरन हेस्टिंग्जने प्रत्येकाची किंमत शोधून काढली. निजामाला गुंटूर परत मिळाले. नागपूरकरांना लाखो रुपये पोहोचले आणि बंगालवर चालून निघालेली त्यांची फौज रेंगाळली. महादजी शिंद्यांचे ग्वाल्हेर ऑगस्ट १७८० मध्ये पडले आणि त्यांनी पुढील वर्षी इंग्रजांशी वेगळा सलोखा केला. हैदर तेवढा कर्नाटकात नेटाने लढत राहिला. डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली. पण बोरघाटाकडे सरकलेल्या गॉडर्डला १७८१ च्या वसंतात हात हलवत मागे फिरावे लागले.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई पुण्याला परत मिळाली, रघुनाथरावांना तनखा देऊन बाजूला करण्यात आले, आणि साष्टी कायमची इंग्रजांची झाली. हैदरला एकटे पाडून तह करणे नानांना जड गेले. त्यांनी मान्यता कित्येक महिने लांबवली आणि डिसेंबरात हैदर वारला त्या सुमारासच शिक्कामोर्तब केले. या तहाने इंग्रज आणि मराठे यांच्यात वीस वर्षे शांतता नांदली. तो काळ नानांच्या तराजूने मिळवून दिला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

शेजाऱ्याची वजाबाकी

समतोलाची कसोटी युद्धापेक्षा शांततेत अधिक लागते. हैदरचा मुलगा टिपू महत्त्वाकांक्षी होता आणि तुंगभद्रेच्या उत्तरेकडील संस्थानांवर त्याचा दाब वाढत होता. १७८५ ते १७८७ या काळात पुणे आणि निजाम यांनी मिळून त्याच्याशी युद्ध केले आणि गजेंद्रगडच्या तहावर ते थांबले. त्यानंतर कॉर्नवॉलिसने टिपूविरुद्ध मोहीम आखली, तेव्हा १ जून १७९० रोजी नानांनी इंग्रजांशी करार केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध चौघे एकत्र आले होते, त्यांच्याच पंक्तीला आता पुणे आणि हैदराबाद बसले.

नानांच्या बाजूने बोलायचे तर टिपूचे आक्रमण खरे होते, गमावलेला मुलूख परत हवा होता, आणि आपण बाहेर राहिलो तर इंग्रज व निजाम सारी लूट वाटून घेतील ही भीतीही रास्त होती. म्हैसूरचे राज्य समूळ बुडावे असे पुण्याला वाटत नव्हते. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूची गादी राहिली. पण त्याचा निम्मा मुलूख गेला आणि ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी त्याच्यावर बसली. तिघा विजेत्यांनी मुलूख समान वाटून घेतला. कागदावर समतोल चोख राखला गेला होता.

येथेच खरी चूक दडली होती. त्याच काळात युरोपात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजारी राजसत्ता समतोल राखण्याच्या नावाखाली पोलंड वाटून घेत होत्या. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत तो देश नकाशावरून पुसला गेला आणि १९१८ पर्यंत परत आला नाही. लचके सारखे तोडले म्हणजे समतोल राहिला, असा हा हिशेब. अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक गोष्ट त्यात विसरली जाते. समान रकमेची भर सर्वांना सारखी बळकट करीत नाही. पुण्याला मिळालेला मुलूख सरदारांच्या नेमणुकांत आणि सावकारांच्या देण्यात जिरला. इंग्रजांना मिळालेला मलबार, दिंडिगुल आणि बारामहालचा भाग त्यांच्या समुद्रावरील सत्तेला, बंगालच्या दिवाणीला आणि नियमित पगारी पलटणींना जोडला गेला. १७६५ पासून बंगालचा वसूल कंपनीच्या हाती होता आणि एका इलाख्याची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भरून काढण्याची सोय तिच्याकडे होती. पुण्याच्या तराजूत घोडेस्वार मोजले जात होते. खरे वजन मात्र खजिन्याकडे आणि पतीकडे सरकले होते. हिशेबात मुरलेल्या फडणीसाच्या नजरेतून ही नोंद निसटावी, हा इतिहासाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे. शेजाऱ्याची वजाबाकी म्हणजे आपली बेरीज, हे समीकरण १७९२ साली खोटे ठरले.

खर्ड्याचा विजय, महाडचा सौदा

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले. नाना आणि महादजी यांची चुरस जगजाहीर होती. तरीही उत्तरेचा दरवाजा महादजींनी राखला होता. पुढच्याच वर्षी चौथाईच्या थकबाकीवरून निजामाशी युद्ध जुंपले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानावर पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा अखेरच्या एकत्र दिसल्या. निजामाने मुलूख दिला, कोट्यवधी रुपये कबूल केले आणि आपला दिवाण ओलीस म्हणून पुण्यास पाठवला. सर जॉन शोअर तटस्थ राहिला. नानांच्या आयुष्यातील हा कळस मानला जातो.

कळस ढासळायला सात महिने पुरले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून वारले. नानांनी त्यांच्यावर जी सक्त देखरेख ठेवली होती, तिचा दोष त्यांच्या माथी आला आणि तो पूर्णपणे खोडून काढणे त्यांच्या चाहत्यांनाही साधलेले नाही. वारसाचा प्रश्न उभा राहिला. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून नानांनी खटपट केली. मग दौलतराव शिंदे, परशुरामभाऊ पटवर्धन आणि बाळोबा तात्या यांच्या डावपेचांत ते स्वतःच सापडले आणि त्यांना महाडला आश्रय घ्यावा लागला. तेथे ऑक्टोबर १७९६ मध्ये त्यांनी निजामाशी गुप्त करार केला. आपल्या पक्षाला पाठिंबा मिळावा म्हणून खर्ड्याला मिळवलेला मुलूख परत देण्याचे आणि राहिलेल्या रकमेवर पाणी सोडण्याचे त्यांनी कबूल केले. रणांगणावर मिळवलेले घरच्या भांडणात दीड वर्षात खर्च झाले.

डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले. वर्षभराने, १७९७ च्या अखेरच्या दिवशी, दौलतरावांच्या छावणीत नानांना दग्याने कैद करण्यात आले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पगार थकलेल्या शिंद्यांच्या फौजेसाठी पैसा उभारताना सर्जेराव घाटग्याने पुणे शहर लुटले. १७९८ च्या जुलैत नाना सुटले, तोवर लॉर्ड वेलस्ली हिंदुस्थानात येऊन पोहोचला होता. खर्ड्याला कोणी वाचवले नाही, हे न विसरलेल्या निजामाने १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ४ मे १७९९ रोजी टिपू श्रीरंगपट्टणला लढताना मारला गेला. म्हैसूरच्या मुलखातील एक तुकडा वेलस्लीने पुण्यापुढे धरला. पण त्याला अटी जोडलेल्या होत्या. नानांनी तो नाकारला. तैनाती फौजेचे गणित त्यांना बरोबर समजले होते. फौज इंग्रजांची, खर्च आश्रिताचा. खर्च भागला नाही की मुलूख तोडून द्यायचा. निजामाला १८०० मध्ये म्हैसूरकडून मिळालेला सारा वाटा याच खर्चापोटी कंपनीला द्यावा लागला.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांचा अंत झाला. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि संयमही गेला, असा अभिप्राय पुण्याच्या इंग्रज वकिलाने आपल्या वरिष्ठांना कळवला. प्रतिपक्षाकडून असे प्रशस्तिपत्र मिळालेले मुत्सद्दी जगात थोडेच.

वसईची वाट

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव कोकणात पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. साष्टीचे दान देऊन नानांनी जी वसई वीस वर्षांपूर्वी सोडवून आणली होती, त्याच वसईत स्वातंत्र्य गहाण पडले. त्या दिवशी पुण्याला मदतीला बोलावण्याजोगे दक्षिणेत कोणी उरले नव्हते. म्हैसूर संपले होते आणि हैदराबाद बांधले गेले होते.

एका माणसाच्या शिरावर हा सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. पानिपतानंतर चाळीस वर्षे, अर्ध्याअधिक काळ बालक किंवा बंदिस्त धन्याच्या नावाने, हट्टी सरदारांना सांभाळत नानांनी राज्य टिकवले. त्यांच्या हयातीत इंग्रजांना पुण्यात तैनाती फौज घुसवता आली नाही. समतोलाचे राजकारण स्थैर्य देऊ शकते, याचा हा भरभक्कम पुरावा आहे. त्याबरोबरच ते स्थैर्य कशाने जाते, याचाही पुरावा याच चरित्रात मिळतो. ज्याच्याविरुद्ध समतोल साधायचा त्याच्याशी भागी करून आपण मधल्या सत्ता खच्ची केल्या, की तराजूत एकच पारडे उरते. आणि दांडी धरणाऱ्याच्या घरात तंटा असेल तर हात थरथरतो. थरथरत्या हाताने तोललेले वजन कोणीच मानत नाही.

१९४५ नंतर जगाने दोन महासत्तांचा समतोल पाहिला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि एक पारडे रिकामे झाले. त्यानंतर अनेक सत्तांच्या जगाची भाषा सुरू झाली आणि आपल्या देशानेही एका गोटाशी बांधून न घेता अनेकांशी संबंध राखण्याचे धोरण ठेवले. ते धोरण नानांच्या जातकुळीचे आहे. म्हणूनच त्यांच्या चुकाही आपल्या जातकुळीच्या ठरू शकतात. शेजारी दुबळा झाला, दिवाळखोर झाला, फुटला, तर आपल्याकडे हर्ष व्यक्त करणारे पुष्कळ भेटतात. त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल, हा प्रश्न विचारणारे थोडे. सैन्याची संख्या मोजणारे पुष्कळ, कर्जाचा बोजा, बंदरे, कारखाने आणि परकीय चलनाची गंगाजळी मोजणारे थोडे.

मालाडहून विरारची गाडी पकडली की तासाभराच्या आत वसई येते. वाटेत भाईंदरची खाडी ओलांडताना साष्टी संपते. अठराव्या शतकात या खाडीच्या दोन तीरांची किंमत वेगवेगळी ठरली होती. एक तीर दिले म्हणून दुसरे परत मिळाले. वीस वर्षांनी दोन्ही गेली. त्या वीस वर्षांत शेजाऱ्यांचे बळ आपल्या उपयोगाचे आहे, हे ज्यांना कळायला हवे होते त्यांना ते कळले नाही. नाना फडणीसांच्या वहीतील ही राहिलेली बाकी आहे आणि ती चुकती करण्याची जबाबदारी त्यांच्या मागून येणाऱ्यांवर आहे.